बदामी भिंती, बदामी फरशी : रंग आणायचा तर कुठून?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचं गाऱ्हाणं एकच आहे. बिल्डरने दिलेली ऑफ-व्हाईट भिंत, बदामी फरशी, तपकिरी सनमायका, वर मळखाऊ सोफा. घर स्वच्छ दिसतं, पण त्यात जीव वाटत नाही. अशा घरात रंग कसा आणायचा याचं सगळ्यात नीट उत्तर आपल्या साडीत आहे. साडीला अंग असतं, काठ असतो, पदर असतो. अंगाचा रंग शांत असला तरी काठ त्याला बांधून ठेवतो, आणि काठातला रंग पदरात मोठा होऊन परत भेटतो. बदामी घर म्हणजे नुसतं अंग. त्याला काठ-पदर द्यायचे आहेत, अख्खी साडी बदलायची नाही. पुढच्या उत्तरांत हेच वेगवेगळ्या वाटांनी येईल.

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १६ फुटांचा आहे. भिंती ऑफ-व्हाईट, फरशी बदामी. पेंटर म्हणतो, सोफ्यामागची लांब भिंत मोरपंखी करून टाका. करावी का? रंग किती लागेल? — वाचक, वाकड, पुणे

मोरपंखी चालेल की नाही, हे फरशी ठरवते. भिंत पुन्हा रंगवता येते, फरशी तशीच राहते. म्हणून आधी फरशीची छटा ओळखा. दुपारी बारा-एकच्या सुमारास घरातले दिवे बंद करा आणि झेरॉक्सचा कोरा पांढरा कागद फरशीवर ठेवा, मग भिंतीला लावून बघा. एरवी नुसती ‘बदामी’ वाटणारी फरशी कागदाशेजारी आपला खरा रंग दाखवते. ती पिवळट, गुलाबी, हिरवट किंवा राखाडी, यांपैकी काहीतरी असतेच. पिवळटावर मोरपंखी, शेवाळी, विटकरी आणि हळदी हे रंग खुलतात. गुलाबीवर आमसुली, वांगी, निळसर राखाडी चांगले दिसतात, पण हळदी ठेवला तर फरशी मळकट वाटू लागते. हिरवट छटेला डाळिंबी किंवा गेरू उठाव देतो. राखाडी छटेवर जवळपास काहीही चालतं, फक्त दुसरा फिका राखाडी नको. ‘महागाचा रंग लावला, पण जमलं नाही’ ही तक्रार येते तेव्हा बहुतेकदा ही पायरी वगळलेली असते.

लांब भिंतीला मात्र आमचा विरोध आहे. हॉलची रुंदी जेमतेम १० फूट आहे. १६ फुटांची भिंत गडद केली की ती अंगावर येते आणि हॉल बोळासारखा वाटतो. त्याऐवजी दारातून आत आल्यावर समोर दिसणारी १० फुटांची आखूड भिंत रंगवा. ती थोडी जवळ आल्यासारखी वाटते, त्यामुळे लांबट हॉल आटोपशीर दिसतो. त्या भिंतीत मोठी खिडकी असेल तर तीही सोडा. खिडकीतल्या उजेडापुढे गडद रंग काळाच दिसतो.

आता हिशेब. भिंत १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे ९५ चौरस फूट. चांगल्या इमल्शनचे दोन हात द्यायला लिटरमागे १०० चौरस फूट धरले की एक लिटर पुरायला हवा. पण गडद रंगाला तिसरा हात लागतोच. दुकानातल्या मशीनवर गडद शेड ज्या बेसमध्ये बनवतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य कमी असतं. भिंत झाकायचं काम मुख्यतः हे पांढरं करतं, म्हणून गडद रंग दाट दिसला तरी झाकतो कमी. लाल आणि पिवळ्या रंगांत हे सगळ्यात जास्त जाणवतं. तेव्हा एक-एक लिटरचे दोन डबे घ्या आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही एकाच बादलीत ओतून ढवळा, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांत किंचित फरक येऊ शकतो. पाव लिटर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून द्या. वर्षभरात ओरखडा पडला की तोच उपयोगी येतो.

पेंटरला एक गोष्ट तुमच्यासमोर करायला सांगा. ओलं फडकं भिंतीवर जोरात घासा. फडक्यावर पांढरी पूड आली तर खाली डिस्टेंपर किंवा चुना आहे. तो खरवडून, प्रायमर देऊनच इमल्शन लावायचं, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. पूड आली नाही तर सगळ्या भिंतीला पुट्टी लावायची गरज नाही. खिळ्यांची भोकं बुजवा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने भिंत घासा, ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. पुट्टी भरलेल्या जागांवर प्रायमरचा हात हवाच. तसंच सोडलं तर त्या जागा रंग जास्त पितात आणि गडद भिंतीवर फिके डाग उठून दिसतात.

कोपऱ्याची रेघ सरळ येण्यासाठी मास्किंग टेप लावतात, तरी खालून रंग झिरपतो. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी शेजारच्या ऑफ-व्हाईट रंगाचाच पातळ हात फिरवा. जी फट असेल ती ऑफ-व्हाईटने भरते, आणि मग मोरपंखी आत जात नाही. शेवटचा हात पुरता वाळण्याआधीच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची साल बरोबर येते.

राहिली चकाकी. गडद रंग चकचकीत घेतला तर भिंतीतला प्रत्येक उंचवटा दिसतो. अगदी मॅट घेतला तर हात किंवा खुर्ची घासली की पांढुरके ओरखडे उठतात आणि सोफ्यावर टेकणाऱ्या डोक्याचा तेलकट डाग जात नाही. दोन्हींच्या मधली मंद चकाकी मागा. एका भिंतीचं काम एका दमात झालं पाहिजे. मध्ये चहाला थांबून अर्धवट वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरवला तर गडद भिंतीवर कायमचे पट्टे राहतात.

रंग शेडकार्डाच्या चौकोनावरून ठरवू नका. २०० मिलीची नमुना-डबी घेऊन २ बाय २ फुटांच्या जाड पुठ्ठ्याला दोन हात द्या. तो पुठ्ठा भिंतीला टेकवून सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता बघा. तिन्ही वेळा आवडला तरच घ्या.

आणि भिंत झाली म्हणजे काम संपलं नाही. एकटी मोरपंखी भिंत ही नुसता पदर होते, काठ राहतोच. तोच रंग अजून दोन ठिकाणी, लहान प्रमाणात आणि वेगळ्या उंचीवर हवा. एक उशी, एक कुंडी, चित्राची चौकट, एवढंही पुरतं.

प्रश्न : संध्याकाळी दिवे लावले की माझ्या विटकरी उशा आणि हळदी पडदे मळके दिसतात. दुकानात तर छान दिसत होते. — वाचक, नागपूर

कापड निर्दोष आहे, दिव्याचा दोष आहे. आपल्याकडे ट्यूबलाइट म्हणून जो एलईडी लावतात तो बहुधा ६५०० केल्विनचा, निळसर पांढरा असतो. त्यात विटकरी, हळदी, केशरी हे उबदार रंग मरतात. केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. हॉलमध्ये २७०० ते ३००० केल्विनचे दिवे लावा, स्वयंपाकघरात ४००० ठीक. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, हा आकडाही बघा. ८० चालतो, ९० असेल तर लाल रंग खऱ्यासारखा दिसतो.

पिवळसर दिव्यात अंधार वाटतो अशी लोकांची समजूत आहे. अंधार वाटतो तो दिव्यांची संख्या कमी केल्यामुळे. १६० चौरस फुटांच्या हॉलला ९ वॉटचे तीन बल्ब पुरतात, एक भिंत गडद असेल तर चौथा घ्या. एकाच ठिकाणी सगळे न लावता दोन छतावर आणि एखादा सोफ्याशेजारी खाली लावला तर कापडाचा पोतही दिसतो. पुढच्या वेळी दुकानदाराला सांगून कापड दारात, दिवसाच्या उजेडात बघा, आणि अर्धा मीटर घरी आणून रात्रीही बघा. दोन कापडं दुकानात एकाच रंगाची दिसतात आणि घरी वेगवेगळी, हे रंगद्रव्यं वेगळी असल्यामुळे होतं.

प्रश्न : भाड्याचं घर आहे, मालक रंगवू देत नाहीत, भिंतीला भोक पाडू देत नाहीत. पडद्यांचे रॉड मात्र आधीचे आहेत. काय करता येईल? — वाचक, मुलुंड

रॉड आहेत म्हणजे मोठं काम झालं. खोलीत भिंतीखालोखाल मोठा रंगाचा तुकडा पडद्याचाच असतो. पण तयार पडदे बहुतेकदा फसवतात. रंग चांगला असतो, कापड कमी असतं, आणि ताणलेला पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. चुण्यांत सावली पडते तेव्हा एकाच रंगाच्या चार छटा दिसतात आणि पडदा भरलेला वाटतो.

म्हणून शिवून घ्या. खिडकी ५ फुटांची आणि रॉड ६ फुटांचा, म्हणजे ७२ इंच, धरू. चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे १४४ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर तीन पट्टे लागतील. रॉडपासून जमिनीपर्यंत ७ फूट, म्हणजे ८४ इंच. वरची-खालची दुमड मिळून १२ इंच धरा, म्हणजे प्रत्येक पट्टा ९६ इंच किंवा साधारण अडीच मीटर. तीन पट्ट्यांना साडेसात मीटर. सुती कापड असेल तर आणखी अर्धा मीटर घ्या आणि शिवण्याआधी धुऊन घ्या. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर पडदा जमिनीपासून तीन-चार इंच वर लटकतो. पडदा खिडकीच्या कठड्यापाशी संपवू नका. जमिनीच्या अर्धा इंच वर थांबला तर खोली उंच वाटते.

पश्चिमेच्या खिडकीला गर्द लाल, जांभळा किंवा नैसर्गिक हळदीत रंगवलेलं कापड घेऊ नका. हळदीचा रंग उन्हात सगळ्यात लवकर उडतो. घ्यायचंच असेल तर मागे पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर लावा, रंग दुप्पट टिकेल असं समजू नका, पण उतरेल तो एकसारखा उतरेल. हातमागाचं किंवा निळीचं कापड विकत घेण्याआधी पांढऱ्या ओल्या रुमालाने घासून बघा. रुमालावर रंग आला तर ते पडद्याला चालेल, फिक्या सोफ्यावरच्या उशीला नाही. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका.

जमिनीवर सतरंजी टाका, पण ती सोफ्यापेक्षा लांब हवी. ६ फुटांच्या सोफ्याला दोन्हीकडे सहा-सहा इंच धरून ७ फूट लांब आणि ५ फूट रुंद. सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर यावेत. ३ बाय ५ ची सतरंजी खोलीच्या मधोमध एकटी पडते आणि उलट फरशीकडेच लक्ष वेधते. पलंगासाठी सोलापुरी चादर घ्या. तिच्या विणकामात रंग धाग्यातच असतो, छापलेला नसतो, त्यामुळे धुण्यात नक्षी पुसट होत नाही. आणि जिथे जाल तिथे हे सगळं बरोबर नेता येतं.

प्रश्न : आईच्या दोन इरकली, एक जुनी रेशमी साडी आणि खणाचे बरेच तुकडे आहेत. कपाटात पडून आहेत. घरात वापरायचे आहेत, पण खराब होतील ही भीती वाटते. — वाचक, कराड

भीती योग्य आहे, आणि म्हणूनच प्रत्येकाला वेगळं काम द्यायला हवं.

आधी रेशमी साडी. ती उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेवर बारीक फटी दिसल्या तर कापड विरलं आहे, त्यावर कोणी टेकायचं नाही. तिचा सगळ्यात चांगला तुकडा, पदर किंवा काठासकट दोन-अडीच फूट, लाकडी चौकटीवर बसवा. चौकटीवर आधी मांजरपाट ताणून घ्या, आणि रेशीम त्याला चारी कडांनी सुईदोऱ्याने टाचा. गोंद लावू नका, तो काही वर्षांत पिवळा पडून वर उमटतो. काच लावत असाल तर ती कापडाला चिकटू देऊ नका, मध्ये पाव इंचाची पट्टी हवी, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरते. थेट ऊन येत नाही अशी भिंत निवडा.

इरकल सुती असेल आणि दणकट असेल तर पडदे करा. साडी साडेपाच मीटर धरू. पदराकडचा पाऊण मीटर कापून बाजूला ठेवा. उरलेल्या पावणेपाच मीटरचे दोन भाग केले की प्रत्येकी साधारण पावणेआठ फूट येतात. दुमडी जाऊन सात फुटांचे दोन पडदे तयार होतात, दोन्ही बाजूंना उभे काठ असलेले. दुमडीला हे काठ कधीही आत घेऊ नका, सगळी शोभा त्यांचीच आहे. रुंदी मिळून ९० इंच भरते, म्हणून एका साडीत चार फुटांपर्यंतची खिडकीच नीट झाकते. त्याहून मोठ्या खिडकीला दोन्ही इरकली मध्ये साध्या कोऱ्या कापडाचा पडदा घेऊन दोन बाजूंना लावा. जोडी जुळत नसली तरी बिघडत नाही. इरकलीचं अंग कुठल्याही रंगाचं असो, पदर बहुधा लालच असतो, आणि बाजूला ठेवलेल्या त्या दोन लाल पदरांतून उशांचे अभ्रे झाले की दोन वेगळ्या साड्या एका घरच्या दिसतात.

खणाचं कापड विणलं जातं ते चोळीसाठी. उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगांचा, त्यामुळे हलवलं की धूपछाव दिसते. बदामी खोलीत खणाची एक उशीसुद्धा नजर धरून ठेवते ती त्यामुळेच. मात्र कापलेल्या कडेने त्याचे धागे फार लवकर सुटतात. १६ इंची उशीसाठी समोरचा तुकडा १७ बाय १७ इंच कापा, कापल्याबरोबर चारी कडांना इंटरलॉक करून घ्या, आणि पूर्ण तुकड्यामागे मांजरपाट जोडूनच शिवा. म्हणजे ताण मांजरपाटावर येतो, खणावर येत नाही. मागची बाजू साध्या सुती कापडाची ठेवा, चेनही तिकडेच. आत भरायची उशी १८ इंची घ्या. १६ इंचीच घेतली तर महिन्याभरात कोपरे रिकामे पडतात. पन्हा लहान असल्याने तुकडा पुरत नसेल तर जोड मधोमध देऊ नका. एक तृतीयांशावर द्या आणि जोडावर खणाचाच काठ बसवा, तो जोड न वाटता नक्षी वाटते.

किती उशा? तीन आसनी सोफ्यावर खणाच्या दोन आणि साध्या रंगाच्या दोन. चारही उशा खणाच्या केल्या तर कुठलीच दिसत नाही. धुताना थंड पाणी, हातानेच, आणि सावलीत वाळवा.

प्रश्न : जांभ्या दगडाचं जुनं घर आहे. आतून पांढरा रंग आहे, दरवर्षी खालचे दोन फूट पोपडे येतात. त्याच भिंतीवर छान गडद रंग दिला तर झाकलं जाईल का? — वाचक, सावंतवाडी

झाकलं जाणार नाही, उठून दिसेल. गडद रंगावर लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर येणाऱ्या क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड, पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो. आधी ओल कुठून येते ते बघा. भिंतीच्या खालच्या भागावर २ बाय २ फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतली आहे. भिंतीतून असेल तर इमल्शन लावणं थांबवा. ते भिंतीवर कातडीसारखं बसतं, आतलं पाणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून फुगे आणि पोपडे येतात.

तुमच्या भागात याचं उत्तर जुनंच आहे. सावंतवाडीपासून गोव्यापर्यंतच्या देवळांवरची कावी चित्रं तांबडी काव आणि चुना यांतूनच झाली. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. फुगलेलं इमल्शन खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. पावसाळा संपल्यावर दोन महिने भिंत सुकू द्या. मग चांगला मुरवलेला चुना दुधासारखा पातळ करून, ५ किलो चुन्याला पाव किलो लाल किंवा पिवळा आयर्न ऑक्साइड, आधी थोड्या पाण्यात घोटून आणि गाळून घाला. यापेक्षा जास्त रंग घातला तर चुना तो धरून ठेवत नाही आणि तो हाताला लागतो. भिंत हलकी ओली करून पातळ हात द्या, दिवसाला एक, असे तीन-चार. एकदम जाड दिला तर तडकतो. ओला असताना रंग फार गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका होतो, घाबरून किंवा हुरळून प्रमाण बदलू नका. आधी कोपऱ्यात नमुना करून दोन दिवसांनी बघा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घालूनच काम करा, चुना डोळ्याला फार वाईट.

चुन्याचा रंग कपड्याला थोडा लागतोच. बसण्या-टेकण्याच्या जागी तीन फूट उंचीपर्यंत चटई किंवा लाकडी पट्टी लावा. भिंतीची ओल मुळातून थांबवायची तर घराभोवतीची माती आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्यावं लागेल, ते काम गवंड्याचं.

प्रश्न : सनमायकाचं तपकिरी कपाट रंगवता येतं का? — वाचक, ठाणे

येतं, पण आम्ही सुचवत नाही. सनमायकावर रंग धरायला जागाच नसते. २२० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण घालवून, खास पकड धरणारा प्रायमर देऊन, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला तरी हँडलभोवती आणि कडांना वर्ष-दोन वर्षांत साल सुटते. दारं बदलून घ्या, किंवा कपाट तसंच ठेवून त्याच्या तपकिरीलाच अंग समजा आणि शेजारी शेवाळी किंवा गेरूचा एक मोठा तुकडा, सतरंजी किंवा पडदा, आणा. रंगाची हौस जुन्या लाकडी खुर्चीवर, स्टुलावर फेडा, लाकूड रंग मनापासून धरतं. पांढरा ऑइल पेंट मात्र टाळा, बंद खोलीत तो पिवळा पडतो.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत, मोतीबिंदू आहे. ते सतत म्हणतात, ‘या घरात काही दिसतच नाही.’ उजेड तर भरपूर आहे. — वाचक, नाशिक

ते अगदी खरं सांगत आहेत, आणि हा प्रश्न आला याचं आम्हाला फार बरं वाटलं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट-धूसर होतं. त्यातून फिक्या रंगांमधला फरक पुसला जातो, आणि निळा, जांभळा, हिरवा हे एकमेकांत मिसळतात. बदामी फरशीवर बदामी सोफा, पांढऱ्या टाइलवर पांढरं कमोड, पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण, हे तुम्हाला शांत वाटतं, त्यांना ते एकच धुकं वाटतं. इथे रंग शोभेसाठी नाही, पडण्यापासून वाचण्यासाठी आहे.

फोन काढा, कॅमेरा काळा-पांढरा करा आणि घराचे फोटो घ्या. फोटोत ज्या दोन वस्तू एकमेकींत मिसळतात त्या वडिलांना वेगळ्या दिसत नाहीत. तिथे फरक आणा. शेडकार्डावर काही कंपन्या एलआरव्ही हा आकडा देतात, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. दोन पृष्ठभागांत ३० गुणांचा तरी फरक हवा. ऑफ-व्हाईट ८० च्या आसपास असतो, तेव्हा चौकटीला ५० च्या खालचा रंग घ्या.

सुरुवात न्हाणीघरापासून करा. कमोडची सीट आणि धरायचा दांडा गडद किंवा लाल. पायरी किंवा उंबरठा असेल तिच्या कडेवर दोन इंच रुंद, न घसरणारी पिवळी किंवा केशरी पट्टी. दाराची चौकट विटकरी. बटणांच्या पाटीभोवती गडद चौकट, म्हणजे रात्री भिंत चाचपावी लागणार नाही. त्यांची नेहमीची खुर्ची फरशीहून ठळक वेगळ्या रंगाची, आणि बसायच्या जागेच्या पुढच्या कडेवर आणखी वेगळा रंग, कारण खुर्ची कुठे संपते हे न दिसल्यामुळेच बसताना तोल जातो. पांढऱ्या ताटात दहीभात दिसत नाही, गडद किनारीचं ताट द्या.

एक मात्र करू नका. फिक्या फरशीवर मध्येच गडद गालिचा टाकू नका. कमी दिसणाऱ्या माणसाला तो खड्डा वाटतो, तो टाळायला जाऊन पाय अडखळतो. नक्षीदार, रेघारेघांची फरशीही अशीच फसवते. त्यांच्या वाटेवर जमीन एकसारखी ठेवा आणि रंग कडांना द्या.

प्रश्न : आम्ही लेस्टरला भाड्याने राहतो. भिंती मोतिया, जमिनीवर राखाडी कार्पेट. डिसेंबरात घर फारच उदास वाटतं. भारतातून काय मागवू? — वाचक, इंग्लंड

डिसेंबरात तिथे चारच्या आसपास अंधार होतो, म्हणजे तुम्ही जागे असताना घराला दिव्याचाच रंग असतो. म्हणून कापडाआधी दिवे. छतावरचा एकच दिवा बंद ठेवून, २७०० केल्विनचे तीन छोटे दिवे बसल्यावर डोळ्याच्या खाली येतील असे तीन कोपऱ्यांत ठेवा. दोन दिव्यांना हळदी किंवा केशरी सुती कापडाची छत्री करा. कापड बल्बपासून चार इंच तरी लांब हवं, आणि बल्ब एलईडीच.

मंद उजेडात लाल रंग आधी काळवंडतो. त्यामुळे इथे खुलणारी गर्द डाळिंबी आणि आमसुली तिकडे हिवाळ्यात नुसती गडद दिसेल. अबोली, हळदी, पोपटी, केशरी मागवा. राखाडी कार्पेटवर हे रंग फार छान उजळतात. वजनाचा विचार केला तर खणाचे चार तुकडे आणि एक सोलापुरी चादर सामानात सहज येते. चादर सोफ्याच्या पाठीवर टाका, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. खणाच्या उशा मात्र हीटरला टेकवून ठेवू नका, सुकी उष्णता लागून रेशमी धागा ठिसूळ होतो.